स्लॅबच्या पोटातला टेकू

गिरगावात वाढलेल्या माणसाला टेकू म्हणजे काय ते सांगावे लागत नाही. मुगभाट असो, ठाकूरद्वारची एखादी गल्ली असो की प्रार्थना समाजाजवळची एखादी वाडी, जिन्याखाली किंवा गॅलरीच्या टोकाला एक लाकडी वासा वर्षानुवर्षे उभा असतो. दुरुस्ती मंडळाची माणसे येतात, तुळईवर हात फिरवतात, मान हलवतात आणि आणखी एक टेकू लावून जातात. लहानपणी आम्ही त्या टेकूंच्या आडून लपाछपी खेळायचो. पण टेकूला धक्का मारायचा नाही, हे कुणी न शिकवताच कळत होते. कारण तो काय करतो ते डोळ्यांना दिसायचे. वर वाकलेली तुळई, खाली वासा आणि दोघांच्या मधे ठोकलेली पाचर. चाळीची सगळी रचनाच अशी उघडी होती. सागवानी तुळया, त्यांवर कड्या, कड्यांवर पाट, पाटांवर कोबा. कोणता भार कुठून कुठे जातो, हे अंथरुणावर पडल्या पडल्या आढ्याकडे बघून समजायचे. खिळा कुठे ठोकायचा आणि कुठे नाही, हेही.

दोन वर्षांपूर्वी आमच्या चाळीतल्या एका काकूंचा फोन आला. चाळ पाडून झालेल्या नव्या इमारतीत, अकराव्या मजल्यावर त्यांना जागा मिळाली आहे. मी इमारतींच्या संरचनेचा अभियंता, हे त्यांना ठाऊक होते.

"अरे, झोपाळ्याच्या कड्या बसवायच्यात. ड्रिलवाला येऊन बसलाय. पण वॉचमन म्हणतो, इथे भोक पाडायला बंदी आहे, स्लॅबमध्ये तारा आहेत. कसल्या रे तारा? विजेच्या?"

"नाही काकू, विजेच्या नाहीत. तुम्ही त्याला आज घरी पाठवा. मी संध्याकाळी येतो."

"म्हणजे झोपाळा नाहीच का लागणार?"

त्या प्रश्नाचे उत्तर द्यायला मला तीन आठवडे लागले. हा लेख त्या तीन आठवड्यांतून निघाला आहे. ज्या तारांबद्दल वॉचमन बोलत होता, त्या संगणकावर मी रोज काढतो. पण त्या नेमक्या कुठे आहेत, हे त्या घरात राहणाऱ्या माणसाला कसे कळावे, हा प्रश्न मला तोवर कधी पडला नव्हता.

आधीच दाबून ठेवलेले काँक्रीट

काँक्रीट दाब उत्तम सोसते, ताण मात्र सोसत नाही. स्लॅब भाराखाली वाकतो तेव्हा खांबांच्या मधल्या भागात त्याची वरची बाजू दाबली जाते आणि खालची ताणली जाते. ताणल्या गेलेल्या भागात तडे जातात. नेहमीच्या आरसीसी स्लॅबमध्ये तिथे सळ्या असतात. तडा गेला की ताण सळई घेते.

दुसरा मार्ग असा, की भार येण्याआधीच काँक्रीट दाबून ठेवायचे. कपाटातली दहा पुस्तके एकदम उचलायची असली तर आपण ती दोन्ही टोकांना तळहातांनी दाबतो आणि अख्खी रांग आडवी उचलतो. मधल्या पुस्तकांना खालून कशाचाच आधार नसतो, तरी ती पडत नाहीत. बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव तापवून चढवतात आणि ती थंड होताना आवळली जाऊन चाकाचे लाकडी तुकडे एकजीव धरून ठेवते, त्यामागेही हेच तत्त्व. तबल्याची वादी गठ्ठे ठोकून ताणतात तेही वाजवण्याआधी. मराठी परिभाषेत या काँक्रीटला पूर्वप्रतिबलित काँक्रीट म्हणतात. काँक्रीट घट्ट झाल्यावर आतल्या तारा ओढून ते दाबण्याच्या पद्धतीला पोस्ट-टेन्शनिंग म्हणतात, आणि साइटवरच्या बोलीत अशा स्लॅबला नुसते 'पीटी स्लॅब'.

कल्पना जुनी आहे, पण ती बरीच वर्षे फसत राहिली. का, ते फ्रेंच अभियंता यूजीन फ्रेसिने यांना कळले. पहिल्या महायुद्धाच्या आधी त्यांनी बांधलेला ल व्हर्द्र येथील पूल उभा राहिल्यावर महिनोन् महिने हळूहळू खचत राहिला. त्यांनी जॅक लावून तो पुन्हा उचलला आणि एक धडा घेतला: दाबाखाली काँक्रीट दीर्घकाळ आखडत राहते. हिशेब अगदी साधा आहे. साधी सळई ताणली तर मीटरमागे जेमतेम पाऊण मिलीमीटर लांबते, आणि काँक्रीट कालांतराने जवळपास तेवढेच आखडते. म्हणजे दिलेला ताण सगळा वाया जातो. उच्च ताकदीची तार मात्र मीटरमागे सात मिलीमीटर ताणता येते. त्यातला एखादा मिलीमीटर गेला तरी बाकीचा उरतो. फ्रेसिने यांनी १९२८ मध्ये या पद्धतीचे पेटंट घेतले.

आज आपल्याकडे इमारतींच्या स्लॅबमध्ये वापरतात ती तार, म्हणजे स्ट्रँड, सात बारीक तारांना पीळ देऊन केलेली असते. नेहमीच्या स्ट्रँडची जाडी १२.७ मिलीमीटर, करंगळीएवढी. ती तोडायला साधारण १८ टन ओढ लागते. प्रत्यक्षात ती १४ टनांच्या आसपास ओढतात. अशा तीन, चार किंवा पाच स्ट्रँड पत्र्याच्या किंवा प्लास्टिकच्या चपट्या नळीत ओवतात. या नळीला डक्ट म्हणतात, आणि तारांसकट सगळ्या जुडग्याला टेंडन.

वाकडी तार वर ढकलते

आता मुख्य मुद्दा. टेंडन स्लॅबमध्ये सरळ नसतो. खांबांवरून जाताना तो स्लॅबच्या वरच्या अंगाला असतो, दोन खांबांच्या मधोमध खाली उतरतो, पुढच्या खांबावर पुन्हा वर चढतो. गॅलरीत बांधलेली कपडे वाळत घालायची दोरी आठवा. कपड्यांच्या वजनाने तिला झोळ येतो. ती कुणी टोकाकडून जोरात ओढली तर झोळ सरळ होऊ बघतो आणि कपडे वर उचलले जातात. स्लॅबमधली झोळदार तारही ओढल्यावर सरळ होऊ बघते. पण ती काँक्रीटमध्ये अडकलेली असल्याने सरळ होता येत नाही, म्हणून ती काँक्रीटलाच वर ढकलते. खांबांच्या मधल्या जागेत, जिथे स्लॅब सर्वांत जास्त वाकणार असतो, तिथेच तार त्याला खालून उचलून धरते. म्हणूनच मी तिला पोटातला टेकू म्हणतो.

हा टेकू मोजता येतो. खांबांमध्ये ८ मीटर अंतर आहे आणि स्लॅब २०० मिलीमीटर, म्हणजे आठ इंच जाड आहे असे धरू. त्याचे स्वतःचे वजन दर चौरस मीटरला सुमारे ५०० किलो. आवरणाची जागा सोडली तर तारेला वरखाली व्हायला साधारण १३० मिलीमीटर मिळतात. हा झाला झोळ. यातले ४०० किलो तारेने उचलावेत असे ठरवले, तर स्लॅबच्या दर मीटर रुंदीमागे साधारण २५ टन ओढ कायम राहायला हवी. सगळी घट वजा जाता एका स्ट्रँडमध्ये सुमारे ११ टन उरतात. म्हणजे मीटरमागे सव्वादोन स्ट्रँड. अशा रीतीने ८ मीटरच्या गाळ्यात तुळयाच लागत नाहीत. नेहमीच्या पद्धतीत तिथे दोन फूट खोलीची तुळई आली असती आणि प्रत्येक मजल्याची उंची तेवढी खाल्ली असती. भार असा तारेकडून तोलून घेण्याची ही सोपी रीत कॅलिफोर्नियात बर्कलीच्या विद्यापीठात शिकवणाऱ्या टी. वाय. लिन यांनी १९६३ मध्ये मांडली. त्याच बर्कलीत १९७५ मध्ये कॉम्प्युटर्स अँड स्ट्रक्चर्स ही कंपनी निघाली. आपल्या बहुतेक कचेऱ्यांत चालणारी ईटॅब्स आणि सेफ ही सॉफ्टवेअर तिचीच.

गिरगावात अशा स्लॅबची गरज का भासते, हेही पाहू. भूखंड लहान, वाड्या चिंचोळ्या. जुन्या रहिवाशांना जागा द्यायची, विकायचे मजले चढवायचे, आणि खाली गाड्यांसाठी मोकळे मजले हवेत, जिथे मधे खांब नकोत. छोट्या खोल्यांच्या इमारतीला साधा स्लॅबही पुरतो आणि पुष्कळ पुनर्विकसित इमारतींत तोच असतो. पण खांबांमधले अंतर वाढले आणि उंचीचा प्रत्येक फूट मोलाचा झाला, की पीटी स्लॅब पुढे येतो.

पडद्यावरची रेघ

आता माझ्या टेबलावर या. सॉफ्टवेअरमध्ये आधी स्लॅब, खांब, भिंती उभ्या होतात. मग मी टेंडनची रेघ ओढतो. वरून पाहिले तर ती नकाशातली सरळ रेघ. तिला बाजूने पाहायची वेगळी खिडकी असते. तिथे प्रत्येक खांबावर आणि प्रत्येक गाळ्याच्या मध्यावर तार किती उंचीवर आहे ते आकडे भरायचे. सॉफ्टवेअर त्या बिंदूंतून गुळगुळीत वक्र काढते. दोन्ही टोकांना अँकर ठेवायचे. ज्या टोकाकडून तार ओढायची ते लाइव्ह एंड. जिथे ती आधीच पक्की अडकवलेली असते ते डेड एंड. मग घर्षणाचे आकडे द्यायचे. नळीत तार जिथे जिथे वळते तिथे ती नळीला घासते, आणि टोकाला दिलेली ओढ पुढे पुढे कमी होत जाते. ओढून झाल्यावर अँकरमध्ये पोलादी पाचर बसते. होय, पाचरच, चाळीतल्या टेकूखाली होती तीच युक्ती, फक्त बोटाएवढी. ती बसताना तार साधारण सहा मिलीमीटर मागे सरकते. तेही मांडावे लागते. एवढे झाले की सॉफ्टवेअर क्षणात उत्तर देते: इथे स्लॅब इतका वर उचलला जाईल, तिथे इतका खाली जाईल, इथे तडा जाणार नाही.

उत्तर इतके चटकन आणि रंगीत येते, की ते खरे वाटते. ते खरे ठरायला मात्र चार गोष्टी लागतात, आणि सॉफ्टवेअर त्या आपणहून विचारतेच असे नाही.

पहिली गोष्ट: गणिताच्या मॉडेलमध्ये तारेला लांबी असते, जाडी नसते. स्लॅबमध्ये टेंडन कापडाच्या ताण्याबाण्यासारखे दोन दिशांना जातात. एका दिशेचे खांबांच्या रांगेवर एकत्र गोळा केलेले, दुसऱ्या दिशेचे दर सव्वा-दीड मीटरला पसरलेले. खांबाच्या डोक्यावर दोन्ही भेटतात. पडद्यावर दोघांना एकच उंची दिली तरी एक रेघ दुसरीच्या आरपार जाते. कुणी तक्रार करत नाही. साइटवर डक्ट सुमारे २० मिलीमीटर उंच असते आणि एक डक्ट दुसऱ्याच्या आरपार जाऊ शकत नाही. कोण वर, कोण खाली, हे आधी ठरवले नसेल तर फिटर तिथल्या तिथे एकाला २० मिलीमीटर खाली ढकलतो. त्याचा झोळ १३० वरून ११० झाला. तारेची उचल ४०० किलोंवरून ३४० च्या जवळ आली. दोन बोटांच्या फरकाने पंधरा टक्के टेकू गेला. म्हणून रेव्हिट किंवा टेकला यांसारख्या सॉफ्टवेअरमध्ये टेंडन पुन्हा एकदा, त्याच्या खऱ्या जाडीसकट उभा करावा. तिथे सळया, पाण्याचे पाइप, विजेचे पाइप आणि डक्ट एकमेकांना अडले की ते दिसते.

दुसरी गोष्ट: अँकर हा गणितात एक बिंदू असतो. खरा अँकर म्हणजे काँक्रीटमध्ये पुरलेला ओतीव लोखंडाचा ठोकळा. त्याच्या इवल्याशा जागेतून पन्नास-साठ टनांचा दाब काँक्रीटमध्ये शिरतो आणि पुढे पंख्यासारखा पसरतो. पसरताना काँक्रीटला आडवे फाडू बघतो. लाकडात कुऱ्हाड घुसली की लाकूड दुभंगते तसे. म्हणून अँकरच्या मागे सळईचे वेटोळे लागते. शिवाय लाइव्ह एंडच्या बाहेर जॅक लावायला मीटरभर मोकळी जागा हवी. गिरगावात ही अट फार जाचक होते. नकाशात भूखंडाची हद्द ही एक रेघ असते. त्या रेघेपलीकडे शेजारच्या चाळीची भिंत हातभर अंतरावर असते, आणि तिच्या खिडकीत कुणाची तुळस. तिथे जॅक लागणारच नाही. मग डेड एंड त्या बाजूला न्यावा लागतो किंवा स्लॅबच्या मधे पट्टा मोकळा सोडून तिथून तार ओढावी लागते. टोक बदलले की घर्षणाचा हिशेब बदलतो, आणि मॉडेल पुन्हा चालवावे लागते. साइटवर टोक बदलले आणि मॉडेल जुनेच राहिले, की कागद आणि इमारत यांची फारकत सुरू होते.

तिसरी गोष्ट: तार ओढली की स्लॅब थोडा आखडतो, आखडला तरच त्यात दाब भरतो. पण स्लॅबच्या दोन्ही टोकांना लिफ्टच्या किंवा जिन्याच्या जाड काँक्रीटच्या भिंती असतील तर त्या त्याला आखडू देत नाहीत. तारेने दिलेल्या दाबाचा काही भाग त्या भिंतीच खाऊन टाकतात, आणि स्लॅबला उलट तडे जातात. मॉडेलमध्ये भिंतींचा हा अडसर धरला नाही, तर पडद्यावर स्लॅब सुखरूप दिसतो.

चौथी गोष्ट: जिथे तार वळते तिथे ती ढकलते, मग वळण उभे असो वा आडवे. पाइपांसाठी ठेवलेल्या पोकळीला वळसा घालून टेंडन नेला तर तो पोकळीच्या बाजूचे काँक्रीट आडवे ढकलतो. तिथे काटेपिनेसारख्या सळया घालून त्याला मागे बांधावे लागते. या ढकलण्याची ताकद किती असते, याचे उदाहरण फार दूरचे नाही. कारवारजवळ कैगा येथे अणुवीज केंद्राचा पूर्वप्रतिबलित काँक्रीटचा घुमट बांधकाम चालू असताना, १३ मे १९९४ रोजी, आतल्या बाजूने थर सुटून कोसळला. घुमट म्हणजे सगळीच वळणे. ताणलेल्या तारा वळणाच्या आतल्या दिशेने काँक्रीट दाबतात आणि जाडीच्या मधोमध दोन थर एकमेकांपासून ओढले जातात. पुढे रचना सुधारून घुमट नव्याने बांधला गेला. आपला स्लॅब घुमटाइतका जोखमीचा नाही, पण नियम तोच आहे.

वीतभर लांबलेली तार

मॉडेल खरे होते की नाही, हे कळण्याची एक सुंदर संधी पीटी स्लॅब देतो. काँक्रीट ओतल्यावर तीन-चार दिवसांनी क्यूब दाबून ताकद तपासतात. मग जॅक लागतो. ३० मीटर लांबीची तार ओढली की ती जवळजवळ २०० मिलीमीटर, म्हणजे वीतभर, बाहेर येते. किती यायला हवी हे मॉडेलने आधीच सांगितलेले असते. ओढण्याआधी तारेवर रंगाची खूण करतात, ओढल्यावर पट्टीने मोजतात आणि वहीत लिहितात. पाच-सात टक्के फरक चालतो. तार कमी लांबली तर नळी कुठेतरी चेपली असेल, काँक्रीटचा रस आत शिरला असेल; जास्त लांबली तर डेड एंड सरकला असेल. एरवी आरसीसीत सळई आतमध्ये काय करते आहे, हे कुणी विचारू शकत नाही. इथे प्रत्येक तार स्वतः उत्तर देते. ती वही म्हणजे स्लॅबची जन्मपत्रिका होय. पुष्कळदा मात्र ती साइट ऑफिसबरोबरच मोडीत जाते.

मोजमाप पटले की तारांची बाहेर उरलेली टोके कापतात, अँकरच्या खाचा बुजवतात आणि डक्टमध्ये सिमेंटचे पातळ मिश्रण दाबाने भरतात. याला ग्राउटिंग म्हणतात. त्याने दोन कामे होतात. तार लांबीभर काँक्रीटला चिकटते. आणि हवा-पाणी न लागल्याने गंजत नाही. ग्राउट अर्धवट राहिले तर आतल्या पोकळीत तार गंजते आणि बाहेरून काहीच दिसत नाही. खारी हवा याला कशी साथ देते, ते पणजीने पाहिले आहे. मांडवीवरचा पूर्वप्रतिबलित काँक्रीटचा नेहरू पूल १९७० च्या दशकात वाहतुकीला खुला झाला आणि ५ जुलै १९८६ रोजी कोसळला. गंजलेल्या तारा हे त्यामागचे एक कारण म्हणून तज्ज्ञांच्या लिखाणात आजही त्याचा दाखला देतात. ब्रिटनने तर अशाच धास्तीने १९९२ ते १९९६ या काळात ग्राउट केलेल्या टेंडनचे नवे पूल बांधणेच थांबवले होते. गिरगाव चौपाटी आमच्या घरांपासून चालत दहा मिनिटांवर आहे, हे लक्षात ठेवलेले बरे.

नकाशा कुणाच्या कपाटात?

आता काकूंच्या झोपाळ्याकडे परत येऊ. झोपाळ्याच्या कडीचा बोल्ट छतात तीन-चार इंच आत जातो. आणि टेंडन गाळ्याच्या मधोमध कुठे असतो? सर्वांत खाली. म्हणजे छताच्या पृष्ठापासून फक्त इंचभर वर. झोपाळा जिथे टांगावासा वाटतो, तिथेच तार हाताशी आलेली असते. त्यात आणखी एक गोम. खोलीचा मध्य म्हणजे स्लॅबच्या गाळ्याचा मध्य नव्हे. पीटी स्लॅबमध्ये खांब आठ मीटरवर असतात, भिंती नुसते आडोसे असतात. चाळीत आढ्याकडे बघून कळत होते तसे इथे कितीही बघितले तरी काही कळत नाही. वर सगळीकडे सारखाच पांढरा रंग.

तार कापली तर काय होईल? ग्राउट नीट असेल तर ती कापलेल्या जागेपासून थोड्या अंतरावर पुन्हा काँक्रीटला धरते. नुकसान तेवढ्या भागापुरते राहते. ग्राउट न करता ग्रीस लावलेल्या तारा वापरण्याची पद्धत अमेरिकेत अधिक आहे. त्यात एक तार तुटली की टोकापासून टोकापर्यंत तिचे काम संपते. एका भोकाने इमारत पडत नाही, हे स्पष्ट सांगायला हवे. पण वीस मजल्यांवर, तीस वर्षांत, पंखे, झोपाळे, एसी, बदललेले संडास-बाथरूम यांची किती भोके? वरच्या मजल्याचा माणूस नवा पाइप काढतो तेव्हा तो खालच्याच्या डोक्यावरचा टेकू कापत असू शकतो, आणि दोघांनाही त्याचा पत्ता नसतो.

मी सोसायटीच्या कार्यालयात गेलो. सचिवांनी आपुलकीने कपाट उघडले. लिफ्टचे करार, अग्निशमनाची प्रमाणपत्रे, पाण्याच्या टाकीची बिले, मंजूर नकाशे, गणपतीच्या वर्गणीचे हिशेब, सगळे नीट लावलेले होते. टेंडनचा नकाशा नव्हता. "असा काही नकाशा असतो, हेच माहीत नव्हते," ते म्हणाले. विकासकाच्या कचेरीने सल्लागाराकडे बोट दाखवले. सल्लागाराच्या कचेरीने आठवड्याने एक फाइल पाठवली. ती उघडायला लाखभर रुपयांचे सॉफ्टवेअर लागते. माझ्याकडे ते होते म्हणून ती उघडली. आत रेघा सुरेख होत्या. पण ते मूळ संकल्पनेचे मॉडेल होते. शेजारच्या भिंतीमुळे साइटवर टोके बदलली असतील, पोकळ्या सरकल्या असतील, तर त्यांची नोंद त्यात नव्हती. मी स्वतः अशी कितीतरी मॉडेल पूर्ण केली आहेत आणि संकल्पना मंजूर झाली की मिटून ठेवली आहेत. त्या दिवशी ते मला खटकले.

शेवटी रडारची पेटी आणावी लागली. टाइलच्या आकाराचे हे यंत्र छतावरून चाकांनी फिरवले की आतल्या धातूचा प्रतिध्वनी पडद्यावर उमटतो. स्टुलावर चढून तंत्रज्ञाने खडूने रेघा आखल्या. काकू खाली उभ्या राहून बघत होत्या. "एवढ्या आहेत?" त्या हळूच म्हणाल्या. कड्यांसाठी आधी केलेल्या चार खुणांपैकी एक बरोबर टेंडनच्या रेघेवर होती. मॉडेलमध्ये ती रेघ तिथून फूटभर दूर होती.

कायदा याबाबत मुका नाही. २०१६ च्या रेरा कायद्याच्या १७ व्या कलमानुसार भोगवटा प्रमाणपत्रानंतर आवश्यक कागदपत्रे आणि नकाशे रहिवाशांच्या संस्थेकडे देणे हे विकासकाचे कर्तव्य आहे. संरचनेतल्या दोषांची जबाबदारीही ताबा दिल्यापासून पाच वर्षे त्याच्यावर असते. पण 'आवश्यक' या शब्दात काय काय येते, हे मागणाऱ्याला माहीत असावे लागते. म्हणून पीटी स्लॅबच्या इमारतीत राहायला जाणाऱ्या प्रत्येक सोसायटीने चार गोष्टी नावानिशी मागाव्यात. एक, प्रत्येक मजल्याचा टेंडनचा 'जसा बांधला तसा' नकाशा, उंचीच्या आकड्यांसह, आणि तो कुठल्याही संगणकावर उघडेल अशा साध्या स्वरूपात व छापील. दोन, तारा किती लांबल्या त्याची वही. तीन, ग्राउटिंगची नोंद. चार, कोणत्या भागात किती खोल भोक पाडायला हरकत नाही, हे मराठीत सांगणारा एक पानी तक्ता, जो जिन्यात लावता येईल. ३० वर्षांहून जुन्या इमारतींची संरचनात्मक तपासणी मुंबई महापालिकेच्या कायद्याने करून घ्यावी लागते. ते वर्ष येईल तेव्हा आज मॉडेल करणारे आम्ही बहुतेक निवृत्त झालेलो असू, आणि आजचे सॉफ्टवेअर तर नक्कीच. तेव्हाचा तपासनीस कपाट उघडील. त्यात जे असेल तेवढेच त्याला माहीत असेल.

आणि आम्हा अभियंत्यांनी? संकल्पना मंजूर झाली म्हणजे मॉडेल पूर्ण झाले, ही समजूत सोडावी. साइटवर सरकलेला प्रत्येक अँकर, बदललेले प्रत्येक टोक मॉडेलमध्ये परत आणावे आणि मगच ते मिटावे. हे काम कंटाळवाणे आहे, त्याचे वेगळे पैसे सहसा कुणी देत नाही. पण एका इमारतीमागे दोन-तीन दिवसांहून जास्त वेळ त्याला लागत नाही. त्या दिवसानंतर मी ते करू लागलो आहे.

काकूंचा झोपाळा लागला. वीतभर खिडकीकडे सरकवून, आखूड बोल्ट वापरून. खडूच्या रेघा पुसायला त्यांनी रंगाऱ्याला मनाई केली. त्यांचा एक फोटो काढून, मोजमापे लिहून, त्यांनी तो घराच्या कागदपत्रांच्या पिशवीत ठेवला आणि एक प्रत सचिवांकडे दिली. सोसायटीच्या कपाटातला टेंडनचा तो पहिला नकाशा. एकाच खोलीचा आहे. बाकीच्या खोल्यांचा अजून यायचा आहे.